झिजलेल्या गुडघ्याच्या कूर्चापेशींवर वृद्धिघटक आणि संप्रेरकांची चाचणी : ओटीतल्या नमुन्यापासून आकड्यापर्यंत

पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत एक वाक्य नेहमी कानावर पडतं : "आयजीएफ-१ टाकला, पण पेशींनी दादच दिली नाही." आयजीएफ-१ म्हणजे इन्सुलिनसारखा एक वृद्धिघटक. प्रति मि.लि. १०० नॅनोग्रॅमचा डोस दिला (पुढेही असे डोस प्रति मि.लि. माध्यमाचेच समजा), तीन दिवस वाट पाहिली आणि शेवटी कंट्रोलचा (घटक न दिलेल्या पेशींचा) आकडा आणि चाचणीचा आकडा जवळपास सारखाच. संशय लगेच व्हायलवर जातो. खरं कारण मात्र बहुतेक वेळा दोन जागी सापडतं. एक तर कंट्रोलच्या माध्यमात, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात ठेवतात त्यात, तेच काम करणारं काहीतरी आधीपासून भरपूर असतं. नाहीतर अस्थिसंधिवाताच्या (सांध्याची कूर्चा झिजण्याच्या आजाराच्या) पेशीची तो निरोप ऐकण्याची ताकदच कमी झालेली असते. दुसरं कारण हा आजाराचा भाग आहे आणि आपल्याला तोच अभ्यासायचा आहे. पहिलं कारण निव्वळ आपली चूक आहे. ही दोन कारणं एकमेकांत मिसळली की महिनाभराची मेहनत वाया जाते. म्हणून पुढचं सगळं मार्गदर्शन एकाच गोष्टीभोवती फिरतं : घटक टाकण्याआधी ताटलीत काय आहे आणि पेशी कोणत्या अवस्थेत आहे, हे पक्कं माहीत हवं.

हे बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री आणि ऑर्थोपेडिक्समध्ये संशोधन करणाऱ्यांसाठी आहे. यातला कोणताही डोस रुग्णाच्या गुडघ्यात देण्यासाठी नाही.

नमुना : ओटीच्या दारातच निम्मं काम होतं

मानवी अस्थिसंधिवाताची कूर्चा मिळण्याची सगळ्यात सोयीची जागा म्हणजे गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया. कापून बाजूला काढलेला भाग एरवी टाकूनच दिला जातो, तरी तो रुग्णाचा आहे. संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि रुग्णाला समजेल अशा भाषेतलं संमतीपत्र आधी हातात हवं. भारतात यासाठी आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं पाळावी लागतात. महाराष्ट्रात संमतीपत्र मराठीत असावं आणि ते शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी निवांत समजावून द्यावं. स्ट्रेचरवर सही घेऊ नये.

ओटीच्या सिस्टर आणि टेक्निशियनना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. नमुना फॉर्मॅलिनमध्ये जाता कामा नये. पॅथॉलॉजीला पाठवायच्या सवयीने तो सहज तिथे जातो आणि मग एकही जिवंत पेशी मिळत नाही. दुसरं, तुकडा ट्रेमध्ये दिव्याखाली उघडा ठेवू नये, कारण कूर्चेचा पृष्ठभाग सुकला की वरच्या थरातल्या पेशी आधी मरतात. निर्जंतुक डब्यात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घातलेलं डीएमईएम माध्यम भरून द्या. तुकडा त्यात पूर्ण बुडाला पाहिजे. डबा बर्फाच्या पेटीत, पण बर्फाला थेट न टेकता, ४° सें.च्या आसपास ठेवा. त्याच दिवशी काम सुरू करता आलं तर उत्तम, फार तर २४ तासांत.

रुग्णाची माहिती त्याच वेळी नोंदवा : वय, लिंग, वजन-उंची, रजोनिवृत्ती झाली आहे का, मधुमेह, थायरॉइडची गोळी, संप्रेरकांचे औषधोपचार आणि गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं. संप्रेरकांवर काम करताना ही माहिती नसेल तर निकालाचा अर्थ लावायला काहीच हातात राहत नाही. तीन महिन्यांच्या आत स्टिरॉइडचं इंजेक्शन झालेला गुडघा वगळलेला बरा.

आपल्याकडे शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेले बरेच गुडघे धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात. अशा गुडघ्यात आतल्या बाजूची कूर्चा हाडापर्यंत घासून गेलेली असते आणि बाहेरच्या बाजूची त्यामानाने शाबूत असते. दोन्ही बाजू वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. एकाच रुग्णाच्या 'कमी झिजलेल्या' आणि 'जास्त झिजलेल्या' पेशींची तुलना हे या नमुन्याचं मोठं बळ आहे. मात्र बाहेरच्या बाजूला 'निरोगी' म्हणू नका. तीही त्याच सांध्यातली कूर्चा आहे.

पेशी मोकळ्या करणं

सगळं काम बीएसएल-२ (जैवसुरक्षा स्तर २) हूडमध्ये, दुहेरी हातमोजे घालून करा. कूर्चा स्काल्पेलने सोलताना पात्याला हाडाचा खरखरीत स्पर्श झाला की थांबा. कूर्चेखालचा गुलाबी थर आत आला तर हाडाच्या आणि मज्जेच्या पेशीही आत येतात. कडेच्या ऑस्टिओफाइटवरची (सांध्याच्या कडेला वाढलेल्या हाडावरची) चमकदार कूर्चा फसवी असते. ती नवी वाढलेली तंतुमय कूर्चा आहे, ती घेऊ नका. करवतीने कापलेल्या कडेचे १-२ मि.मी. टाकून द्या, कारण तिथल्या पेशी उष्णतेने मेलेल्या असतात.

१. निवडलेली कूर्चा अँटिबायोटिक घातलेल्या पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या मिठाच्या द्रावणात) तीनदा धुवा, वजन करा आणि १-२ मि.मी. तुकडे करा. मोठे तुकडे ठेवले तर पुढच्या पायऱ्यांतलं विकर (एन्झाइम) आत पोचत नाही.

२. प्रथिनं तोडणारं विकर प्रोनेझ १ मि.ग्रॅ. प्रति मि.लि., सीरमशिवाय, ३७° सें.ला हलवत ६० ते ९० मिनिटं. एक ग्रॅम कूर्चेला १० मि.लि. पुरतं. यात सीरम घातलं तर त्यातले प्रतिबंधक प्रोनेझला थोपवतात.

३. धुऊन कोलॅजेन तोडणारं विकर कोलॅजिनेझ-२, ०.५ मि.ग्रॅ. प्रति मि.लि., ५ टक्के सीरम घातलेल्या डीएमईएममध्ये, रात्रभर म्हणजे १४-१६ तास. कोलॅजिनेझला कॅल्शियम लागतं. कॅल्शियम-मॅग्नेशियमविरहित पीबीएसमध्ये किंवा कॅल्शियम पकडून ठेवणाऱ्या ईडीटीएच्या द्रावणात ते काम करत नाही. 'रात्रभर ठेवलं तरी तुकडे तसेच' या तक्रारीचं हे नेहमीचं कारण.

४. ७० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा, सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जीला ८ मिनिटं फिरवा, दोनदा धुवा आणि मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने मोजा.

एका ग्रॅमला साधारण १० ते ३० लाख पेशी मिळतात. प्रौढ माणसाच्या कूर्चेत पेशींचा वाटा आकारमानाच्या एक-दोन टक्केच असतो, त्यामुळे हा आकडा पाहून खट्टू होऊ नका. जिवंत पेशी ८५ टक्क्यांच्या खाली असतील तर प्रयोग पुढे नेऊ नका.

रात्रभर विकरात राहिलेल्या पेशीच्या अंगावरचं आवरण गेलेलं असतं आणि पृष्ठभागावरचे रिसेप्टरही (घटकाचा निरोप घेणारी प्रथिनं) काही प्रमाणात छाटले गेलेले असतात. त्याच दिवशी वृद्धिघटक दिला तर मिळालेला थंड प्रतिसाद आजाराचा नसून विकराचा असतो. पेशींना ४८ ते ७२ तास सावरू द्या.

ताटलीवर नको, मण्यांत ठेवा

प्लास्टिकवर पसरलेली कूर्चापेशी हळूहळू कूर्चापेशी राहत नाही. गोल पेशी लांबट होते, कोलॅजेन-२ बनवणं सोडते आणि कोलॅजेन-१ बनवू लागते. दुसऱ्या-तिसऱ्या पॅसेजपर्यंत (पेशी उचलून नव्या ताटलीत पेरण्याच्या फेरीपर्यंत) ती जवळजवळ फायब्रोब्लास्ट, म्हणजे साधी तंतुपेशी, झालेली असते. अशा पेशीवर मिळालेलं टीजीएफ-बीटा या वृद्धिघटकाचं उत्तर कूर्चेचं उत्तर म्हणून छापणं चूक आहे. ताटलीवर ठेवायचंच असेल तर पहिलीच पिढी वापरा, दर चौ.सेंमी.ला एक लाख पेशी घट्ट पेरा, पहिले दोन-तीन दिवस माध्यम बदलू नका आणि आठवड्याभरात प्रयोग आटपा.

एरवी अल्जिनेटचे (समुद्रशैवालातून मिळणाऱ्या जेलचे) मणी करून त्यांत पेशी ठेवा. कमी चिकटपणाचं अल्जिनेट १.२ ग्रॅम, १०० मि.लि. ०.९ टक्के सलाइनमध्ये विरघळवून गाळा. ऑटोक्लेव्ह केलं तर साखळ्या तुटून द्रावण पातळ होतं आणि मणी ढिले पडतात. पेशी या द्रावणात प्रति मि.लि. ४० लाख या प्रमाणात मिसळा. २२ गेजच्या सुईतून एकेक थेंब १०२ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडा (डायहायड्रेट मीठ असेल तर १०० मि.लि.ला १.५ ग्रॅम). १० मिनिटांत मणी घट्ट होतात. मग तीनदा सलाइनने आणि एकदा माध्यमाने धुवा. एका मण्यात साधारण १० मायक्रोलिटर द्रावण आणि सुमारे ४० हजार पेशी असतात. २४ वेलच्या (खळग्यांच्या) ताटलीत प्रत्येक वेलला ८-१० मणी, १ मि.लि. माध्यम.

मण्याला शेपूट आली तर सुई फार जवळ आहे किंवा दाब जास्त आहे, म्हणून सुई चार-पाच सेंमी वर धरा. मणी चपटे पडले तर अल्जिनेट पातळ आहे. आणि मणी पीबीएसने कधीही धुऊ नका. फॉस्फेट कॅल्शियमला पकडतं, मणी फुगतात आणि तास-दोन तासांत डोळ्यांदेखत विरघळतात.

पेलेट पद्धत म्हणजे अडीच लाख पेशी १५ मि.लि.च्या शंकूच्या नळीत ५०० जीला फिरवून बसवणं. दीर्घ प्रयोगांना ती चांगली, पण पेशी खूप लागतात आणि गोळ्याच्या मधल्या पेशींपर्यंत घटक पोचेलच असं नाही.

माध्यम : खरी मेख इथे आहे

माध्यमाच्या बाटलीवरचं लेबल आणि आपण घातलेल्या प्रत्येक पूरकाचं लेबल एकदा शांतपणे वाचा.

आधी इन्सुलिन. सीरमऐवजी सर्रास वापरलं जाणारं आयटीएस (इन्सुलिन-ट्रान्सफेरिन-सेलेनियम) पूरक नेहमीच्या प्रमाणात घातलं की माध्यमात प्रति मि.लि. १० मायक्रोग्रॅम इन्सुलिन येतं. इन्सुलिनचा रेणुभार ५,८०८, म्हणजे हे झालं १.७ मायक्रोमोलर. माणसाच्या रक्तात उपाशीपोटी इन्सुलिन ०.१ नॅनोमोलरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. दहा हजार पटींहून जास्त इन्सुलिनमध्ये बुडालेली पेशी ही तुमची 'कंट्रोल' आहे! एवढ्या प्रमाणात इन्सुलिन आयजीएफ-१ च्या रिसेप्टरलाही कामाला लावतं. त्यावर आयजीएफ-१ टाकून फरक शोधणं म्हणजे भरल्या घड्यावर पाणी ओतणं. उपाय सोपा आहे. तयार आयटीएस बाजूला ठेवा आणि घटक सुटे घाला : इन्सुलिन ५ नॅनोमोलर, म्हणजे प्रति मि.लि. सुमारे २९ नॅनोग्रॅम (पेशी जगवायला पुरेसं, आयजीएफ रिसेप्टर भडकवायला अपुरं), ट्रान्सफेरिन २ मायक्रोग्रॅम, सेलेनस आम्ल २ नॅनोग्रॅम, मेदाम्लविरहित अल्ब्युमिन ०.१ टक्का आणि एस्कॉर्बेट-२-फॉस्फेट ५० मायक्रोग्रॅम. शेवटचं हवंच, कारण त्याशिवाय कोलॅजेनचे तीन धागे नीट वळले जात नाहीत. साधं एस्कॉर्बिक आम्ल ३७° सें.ला तासांत निकामी होतं, म्हणून फॉस्फेट जोडलेलं घ्या.

दुसरं फिनॉल रेड, म्हणजे आम्लता दाखवणारा रंग. डीएमईएमचा गुलाबी रंग याच्यामुळे, आणि ते प्रति लिटर सुमारे १५ मि.ग्रॅ. असतं. नेहमीच्या माध्यमाला क्षीण इस्ट्रोजेनसारखा गुण असतो हे १९८६ मध्ये एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींवर दाखवलं गेलं. इस्ट्रोजेनवर काम असेल तर फिनॉल रेड नसलेलंच माध्यम घ्या, तेही पेशी सावरण्याच्या पहिल्या दिवसापासून.

तिसरं सीरम. त्यात स्टिरॉइड, थायरॉइड संप्रेरकं, टीजीएफ-बीटा, आयजीएफ आणि आयजीएफला बांधून ठेवणारी प्रथिनं असं सगळंच असतं. कोळशाने धुतलेलं सीरम स्टिरॉइड आणि थायरॉइड संप्रेरकांपुरतं साफ असतं. प्रथिनं त्यातून जात नाहीत. घटक देण्याआधी २४ तास आणि नंतरही सीरम बंद ठेवा.

चौथं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. कूर्चा घडवण्याच्या तयार माध्यमांत ते १०० नॅनोमोलर असतंच. तेवढ्यात दाह शमतो आणि आयएल-१ या दाह पेटवणाऱ्या प्रथिनाने वाढणारी विकरं दबतात. मग 'अमुक वृद्धिघटकाने दाह कमी झाला' हे कोणत्या तोंडाने म्हणणार?

ग्लुकोजही पाहा. 'हाय ग्लुकोज' डीएमईएममध्ये २५ मिलिमोलर ग्लुकोज असतं, ही अनियंत्रित मधुमेहाची पातळी झाली. लेप्टिन (मेदपेशींचं संप्रेरक) किंवा इन्सुलिनचा प्रश्न असेल तर ५.५ मिलिमोलर घ्या. कूर्चेच्या आतला क्षारांचा दाब माध्यमापेक्षा जास्त असतो, म्हणून मीठ घालून ऑस्मोलॅलिटी ३८० मिलिऑस्मोलपर्यंत नेली तर पेशी कूर्चेसारख्या जास्त वागतात. ऑक्सिजन ५ टक्क्यांवर ठेवायची सोय असेल तर जरूर ठेवा.

आयजीएफ-१ : पेशी ऐकत नाही, पण का?

या घटकाची ओळखच कूर्चेतून झाली. १९५७ मध्ये सॅल्मन आणि डॉगाडे यांनी पीयूष ग्रंथी काढलेल्या उंदरांच्या कूर्चेत सल्फेट किती शिरतं ते मोजलं. वृद्धिसंप्रेरक ताटलीत थेट टाकून फारसं काही होईना, पण रक्तद्रवातल्या कशाने तरी सल्फेट शिरू लागलं. त्याला त्यांनी 'सल्फेशन फॅक्टर' म्हटलं. तोच पुढे सोमॅटोमेडिन आणि मग आयजीएफ-१ झाला : ७० अमिनो आम्लं, ७.६ किलोडाल्टन. वृद्धिसंप्रेरक थेट ताटलीत टाकून मोठ्या परिणामाची वाट पाहणाऱ्यांनी हा जुना निकाल लक्षात ठेवावा.

अस्थिसंधिवाताच्या कूर्चेत आयजीएफ-१ कमी नसतो. पेशी बांधणारी प्रथिनं, विशेषतः आयजीएफबीपी-३, जास्त सोडते आणि ती आयजीएफला रिसेप्टरपेक्षाही घट्ट धरतात. त्यात वय आणि ऑक्सिडेशनच्या ताणामुळे रिसेप्टरचा निरोप पेशीत पुढे नेणारा पीआय-३ कायनेझ ते एकेटी हा मार्गही मंदावतो. अडथळा कुठे आहे हे ओळखायचं तर एका वेळी चार वेल लावा : कंट्रोल, आयजीएफ-१ १०० नॅनोग्रॅम, डेस(१-३)आयजीएफ-१ तेवढाच आणि इन्सुलिन १० मायक्रोग्रॅम. डेस रूपात सुरुवातीची तीन अमिनो आम्लं नसतात, त्यामुळे बांधणारी प्रथिनं त्याला नीट पकडू शकत नाहीत. रिसेप्टर मात्र ओळखतो. इन्सुलिनलाही ती प्रथिनं धरत नाहीत.

आता वाचन. आयजीएफ-१ ला उत्तर नाही, पण डेस आणि इन्सुलिनला आहे, तर दोष बांधणाऱ्या प्रथिनांचा. तिघांनाही उत्तर नाही, तर रिसेप्टर किंवा त्याच्या पुढचा मार्ग बंद. तिघांनाही चांगलं उत्तर आहे, तर तुमच्या आधीच्या प्रयोगात माध्यमच दोषी होतं. हे पाहायला तीन दिवस थांबायची गरज नाही. १५ मिनिटांनी पेशी फोडून एकेटीच्या सेरीन-४७३ चं फॉस्फोरिलेशन (मार्ग सुरू झाल्याची खूण) वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीत पाहा. हा ब्लॉट झाल्याशिवाय लांबचा प्रयोग सुरू करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

द्रावण : ५० मायक्रोग्रॅमची व्हायल, ५०० मायक्रोलिटर निर्जंतुक पीबीएस ०.१ टक्का अल्ब्युमिनसह, म्हणजे प्रति मि.लि. १०० मायक्रोग्रॅम. १० मायक्रोलिटरचे भाग करून −८०° सें.ला ठेवा. १ मि.लि. माध्यमात १ मायक्रोलिटर म्हणजे १०० नॅनोग्रॅम. एकदा वितळलेला भाग परत गोठवू नका.

टीजीएफ-बीटा : एकच निरोप, दोन अर्थ

टीजीएफ-बीटा पेशीवर दोन दारांनी शिरतो. ही दारं म्हणजे एएलके-५ आणि एएलके-१ हे रिसेप्टर. एएलके-५ मार्फत स्मॅड-२/३ ही निरोप नेणारी प्रथिनं जागी होतात आणि पेशी कूर्चेचा गाभा, म्हणजे पेशींभोवतीचं द्रव्य (मॅट्रिक्स), बनवते. एएलके-१ मार्फत स्मॅड-१/५/८ जागे होतात आणि पेशी एमएमपी-१३ कडे, म्हणजे कोलॅजेन-२ कापणाऱ्या विकराकडे वळते. वय आणि अस्थिसंधिवात यांत एएलके-५ चा वाटा घसरतो. त्यामुळे तोच १० नॅनोग्रॅम टीजीएफ-बीटा तरुण कूर्चेला जोपासतो आणि झिजलेल्या कूर्चेत उलटू शकतो.

म्हणून इथे फक्त अॅग्रेकन (गाभ्यातलं एक मुख्य प्रथिन) मोजून थांबू नका. घटक दिल्यावर ६० मिनिटांनी फॉस्फो-स्मॅड-२ आणि फॉस्फो-स्मॅड-१/५ दोन्ही पाहा आणि ७२ तासांनी एमएमपी-१३. एसबी-४३१५४२ हा रोधक (१० मायक्रोमोलर) एएलके-५ थांबवतं, एएलके-१ नाही. त्याचा एक वेल ठेवलात तर कोणत्या दाराचं काम किती ते उलगडतं. डोस १, ५ आणि १० नॅनोग्रॅम.

हे प्रथिन काचेला आणि प्लास्टिकला भयंकर चिकटतं. २ मायक्रोग्रॅमच्या व्हायलमध्ये २०० मायक्रोलिटर ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, ०.१ टक्का अल्ब्युमिनसह घाला आणि कमी चिकटणाऱ्या नळ्या वापरा. साध्या पाण्यात विरघळवलं तर बराचसा घटक नळीच्या भिंतीवरच राहतो. पेशींनी स्वतः सोडलेला टीजीएफ-बीटा एलायझाने मोजायचा तर नमुना आधी आम्लाने जागा करून उदासीन करा, नाहीतर सुप्त रूप मोजलंच जात नाही.

एफजीएफ आणि बीएमपी, थोडक्यात

एफजीएफ आणि बीएमपी ही वृद्धिघटकांची आणखी दोन कुळं. एफजीएफ-२ (५ नॅनोग्रॅम) पेशींची संख्या वाढवायला वापरतात, पण प्रौढ मानवी कूर्चेत तो एफजीएफआर-१ या रिसेप्टरमार्फत गाभा मोडण्याकडे झुकतो. एफजीएफ-१८ एफजीएफआर-३ मार्फत बांधणीकडे नेतो. तो सतत देण्यापेक्षा थोडा वेळ देऊन काढून घेतला तर परिणाम चांगला दिसतो, म्हणून प्रयोगात 'सतत' आणि 'आठवड्यातून एक दिवस' असे दोन्ही गट ठेवा. त्याचंच औषधी रूप स्प्रिफर्मिन ५४९ रुग्णांवर तपासलं गेलं आणि २०१९ मध्ये निकाल आले. दर सहा महिन्यांनी १०० मायक्रोग्रॅमचा क्रम घेणाऱ्यांत दोन वर्षांनी कूर्चेची जाडी प्लासिबोच्या तुलनेत ०.०५ मि.मी. जास्त होती, पण वेदनेत ठोस फरक नव्हता. ताटलीत अॅग्रेकन वाढलं म्हणजे रुग्णाला आराम पडेल, ही उडी मारू नये.

बीएमपी-७ १०० नॅनोग्रॅमला वापरतात आणि आयजीएफ-१ सोबत तो जास्त काम करतो. बीएमपी-२ मात्र लांबच्या प्रयोगात पेशीला हाडाच्या वाटेला लावू शकतो, तेव्हा कोलॅजेन-१० (पेशी हाडाकडे वळल्याची खूण) नक्की मोजा.

संप्रेरकं : डोस रक्ताच्या अहवालावरून उचलू नका

रक्तातलं बहुतेक इस्ट्रॅडिओल, कॉर्टिसोल आणि थायरॉइड संप्रेरक प्रथिनांना बांधलेलं असतं. मोकळं फार थोडं. सीरम नसलेल्या माध्यमात बांधणारी प्रथिनं फारशी नसतात, त्यामुळे टाकलेलं जवळपास सगळं मोकळंच राहतं. अहवालातला एकूण आकडा ताटलीत तसाच उतरवला तर पेशीला कित्येक पट जास्त डोस बसतो.

इस्ट्रॅडिओल : रजोनिवृत्तीआधी रक्तात साधारण ०.१ ते १.५ नॅनोमोलर असतं, नंतर ०.१ च्या खाली. चाचणीला ०.०१ ते १० नॅनोमोलर एवढा पल्ला घ्या. कमी आणि जास्त डोसचे परिणाम उलटसुलट येऊ शकतात, म्हणून एकाच डोसचा प्रयोग इथे चालत नाही. रेणुभार २७२.४, २.७२ मि.ग्रॅ. १ मि.लि. शुद्ध इथेनॉलमध्ये म्हणजे १० मिलिमोलर. पुढची सगळी सौम्य द्रावणं इथेनॉलमध्येच करा, अशी की प्रत्येक वेलला १ मि.लि.मागे १ मायक्रोलिटरच घालावं लागेल. मग सगळ्या वेलमध्ये, कंट्रोलसह, इथेनॉल ०.१ टक्काच राहतं. १० नॅनोमोलरसाठी १० मायक्रोमोलरचं, १ साठी १ मायक्रोमोलरचं, याप्रमाणे. इस्ट्रोजेन रिसेप्टर रोखणारं फुलव्हेस्ट्रंट (१ मायक्रोमोलर) घातल्यावर परिणाम नाहीसा झाला तरच तो इस्ट्रोजेन रिसेप्टरचा. स्त्री आणि पुरुष दाते वेगळे मांडा.

डेक्सामेथासोन : १ ते १०० नॅनोमोलर, रोधक म्हणून मिफेप्रिस्टोन. ताटलीत तीन दिवसांत ते कूर्चेचं रक्षण करताना दिसतं. पण २०१७ च्या एका चाचणीत १४० रुग्णांना दर १२ आठवड्यांनी ४० मि.ग्रॅ. ट्रायअॅम्सिनोलोन किंवा सलाइन गुडघ्यात दिलं, तेव्हा दोन वर्षांत कूर्चेची जाडी स्टिरॉइड गटात ०.२१ मि.मी. आणि सलाइन गटात ०.१० मि.मी. घटली. दाह शमवणं आणि कूर्चा टिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून मोजमापंही वेगळी ठेवा.

टी-३ (थायरॉइडचं संप्रेरक) : ०.१ ते १० नॅनोमोलर. पेशीला फुगवून हाड बनण्याच्या वाटेवर ढकलतं. कोलॅजेन-१०, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि एमएमपी-१३ पाहा. पाण्यात थेट विरघळत नाही, आधी थोडं सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण लागतं.

लेप्टिन : १० ते १०० नॅनोग्रॅम, एकट्याने आणि आयएल-१ बीटासोबत. इथे एक मोठी फसगत होते. हे प्रथिन ई. कोलाय या जिवाणूत बनवलेलं असेल तर त्यासोबत एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या आवरणातलं विष) येतं आणि कूर्चापेशी त्याला टीएलआर-४ या रिसेप्टरमार्फत जोरदार उत्तर देते. एक वेल लेप्टिन ९५° सें.ला ३० मिनिटं उकळून द्या. परिणाम तरीही राहिला तर तो लेप्टिनचा नाही, कारण उष्णतेने प्रथिन मोडतं आणि एंडोटॉक्सिन टिकतं.

मोजमाप

गाभ्यासाठी, म्हणजे त्यातल्या सल्फेटयुक्त साखरसाखळ्या मोजण्यासाठी, डीएमएमबी रंग : १६ मि.ग्रॅ. आधी ५ मि.लि. इथेनॉलमध्ये, मग ग्लायसिन ३.०४ ग्रॅम, मीठ २.३७ ग्रॅम, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ९५ मि.लि. आणि पाणी घालून १ लिटर, पीएच ३. तपकिरी बाटलीत ठेवा. अल्जिनेटचे मणी असतील तर पीएच १.५ करा. अल्जिनेटवरही ऋण भार असतो आणि पीएच ३ ला तोही रंग पकडून खोटा आकडा देतो. प्रमाणित कॉन्ड्रॉइटिन सल्फेटमध्येही तेवढंच अल्जिनेट मिसळा. २० मायक्रोलिटर नमुना, २०० मायक्रोलिटर रंग. निळा जांभळा होताच ५ मिनिटांच्या आत ५२५ नॅनोमीटरला वाचा. उशीर झाला की गाळ बसतो आणि आकडा घसरत जातो.

मणी ५५ मिलिमोलर सोडियम सायट्रेट (सलाइनमध्ये) घालून १० मिनिटांत विरघळतात. फिरवल्यावर खाली पेशी आणि त्यांना लागून असलेला गाभा, वर दूर गेलेला गाभा. दोन्ही वेगवेगळे आणि माध्यमात सुटलेलं तिसरं, असं मोजलं तर घटकाने गाभा बनवला की नुसताच गळू दिला हे कळतं. पपेनने (१२५ मायक्रोग्रॅम प्रति मि.लि., सिस्टीन आणि ईडीटीएसह, ६०° सें., रात्रभर) पचवून त्याच नमुन्यातून हेक्स्ट ३३२५८ ने डीएनए मोजा आणि गाभा डीएनएमागे सांगा. नाहीतर पेशी वाढल्या की गाभा वाढला, हा वाद मिटत नाही.

आरएनएसाठी कोलॅजेन-२, अॅग्रेकन, सॉक्स-९ हे कूर्चा बांधणारे जीन एका बाजूला. कोलॅजेन-१, कोलॅजेन-१०, एमएमपी-१३, एडॅम्टीएस-५ हे बिघाडाचे दुसऱ्या बाजूला. संदर्भ जीन (तुलनेसाठी स्थिर मानलेला जीन) म्हणून एकट्या जीएपीडीएचवर विसंबू नका. टीबीपी आणि आरपीएल-१३-ए यांसारखे दोन-तीन घ्या आणि आपल्याच नमुन्यांत ते स्थिर आहेत का ते आधी पाहा.

दाते मोजा, वेल नव्हे

एका रुग्णाच्या पेशी २४ वेलमध्ये टाकल्या तरी संख्या एकच. किमान सहा दाते घ्या, प्रत्येकाचे तीन वेल, त्यांची सरासरी म्हणजे त्या दात्याचा एक आकडा, आणि तुलना जोडीने : त्याच दात्याचं कंट्रोल विरुद्ध त्याच दात्याची चाचणी. दोन-तीन दात्यांच्या पेशी एकत्र मिसळू नका. ६८ वर्षांच्या मधुमेही बाईची पेशी आयजीएफ-१ ला दाद देत नाही आणि ५५ वर्षांच्या पुरुषाची देते, हा फरक मिसळणीत कायमचा हरवतो.

आलेखावर सरासरीच्या दांड्याऐवजी प्रत्येक दात्याची रेघ काढा. सहापैकी चार वर गेल्या आणि दोन खाली आल्या तर त्या दोघांची नोंद उघडा : आधी घेतलेलं स्टिरॉइड, थायरॉइडची गोळी, विकरात काढलेले तास, कोलॅजिनेझचा लॉट. कोलॅजिनेझची ताकद लॉटनुसार बदलते, म्हणून नवा लॉट आला की आधी जुन्यासोबत लावून पाहा. सीरम, अल्ब्युमिन आणि प्रत्येक वृद्धिघटकाचा लॉट क्रमांक आणि द्रावण केल्याची तारीख दात्याच्याच पानावर लिहून ठेवा, वेगळ्या वहीत नाही.